हू, विच, दॅट आणि आपला 'जो-तो': रिलेटिव्ह क्लॉजविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावी-बारावीची मुलं, नर्सिंगच्या मुली, नोकरीसाठी ईमेल लिहिणारे, मुलांचा अभ्यास घेणाऱ्या आया, या सगळ्यांकडून हेच प्रश्न वर्षानुवर्षं येत राहिले. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. इंग्रजी वाक्यं मी देवनागरीत दिली आहेत. ती डोळ्यांनी वाचू नका, तोंडाने म्हणा. रिलेटिव्ह क्लॉजमधल्या निम्म्या चुका कानालाच कळतात.

१. रिलेटिव्ह क्लॉज म्हणजे नेमकं काय? मराठीत तो असतो का?

असतो, आणि तुम्ही तो रोज बोलता. 'जो माणूस काल आला, तो माझा मामा आहे.' यातलं 'जो माणूस काल आला' हे कोणता माणूस ते सांगतं. शाळेच्या मराठी व्याकरणात 'जो, जी, जे' यांना संबंधी सर्वनाम म्हणतात आणि अशा गौणवाक्याला विशेषणवाक्य. इंग्रजीत तेच काम 'द मॅन हू केम येस्टरडे इज माय अंकल' या वाक्यातलं 'हू केम येस्टरडे' करतं.

फरक रचनेत आहे. मराठीत जोडी लागते: जो-तो, जे-ते, ज्याला-त्याला, जिथे-तिथे. इंग्रजीत जोडी नाही. एकच शब्द, आणि तो नामाच्या लगेच मागून येतो. आधी 'द मॅन', मग 'हू केम येस्टरडे', मग उरलेलं वाक्य. हा क्रम पक्का बसला की पुढचं बरंच सोपं जातं.

२. 'द बुक विच आय बॉट इट इज लॉस्ट' यातला 'इट' बाई लाल शाईने खोडतात. पण 'बॉट' म्हटल्यावर काय विकत घेतलं ते सांगायला नको का?

हा माझ्याकडे सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न आहे, आणि विचारणारी मुलं हुशार असतात. एका मुलीने वहीच्या पानाचा फोटो पाठवला होता. एकाच निबंधात 'इट'वर चार गोल, एका 'हिम'वर एक, आणि समासात नुसतं एक प्रश्नचिन्ह. का चुकलं ते तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

मराठी वाक्य घ्या: 'जे पुस्तक मी विकत घेतलं, ते हरवलं.' 'घेतलं' आणि 'हरवलं' यांच्या मधोमध 'ते' आहे. तोच 'ते' उचलून 'इट' म्हणून इंग्रजीत बसतो. मराठीत तो हवाच, कारण 'जे'ने सुरू केलेली जोडी 'ते'ने पुरी होते. इंग्रजीत मात्र 'विच' हेच 'बॉट'चं कर्म आहे. ते पुढे सरकून नामाला चिकटलं आणि त्याची मूळ जागा रिकामी राहिली. ती रिकामीच ठेवायची.

करून बघा. 'आय बॉट इट.' यातला 'इट' काढा, त्याचा 'विच' करा, 'विच' पुढे न्या: 'विच आय बॉट'. आता 'बॉट'च्या मागे काही नाही. हेच बरोबर: 'द बुक विच आय बॉट इज लॉस्ट.' माणसाचंही तसंच. 'द टीचर हूम आय मेट हिम' नाही, 'द टीचर हूम आय मेट'. आणि 'द मॅन हू केम येस्टरडे ही इज माय अंकल' यातला 'ही' म्हणजे आपला 'तो'. तोही जाणार.

ही रिकामी जागा नीट लक्षात ठेवा. पुढच्या बऱ्याच उत्तरांत मी तिच्याकडेच परत येणार आहे.

३. 'हू' कोणासाठी, 'विच' कशासाठी आणि 'दॅट' कुठे?

'हू' माणसांसाठी, 'विच' वस्तू आणि प्राण्यांसाठी, 'दॅट' दोन्हींसाठी. घरच्या, नाव ठेवलेल्या कुत्र्याला 'हू' म्हटलेलं चालतं. 'टीम', 'कमिटी' अशा समूहांना एक संस्था म्हणून बघत असाल तर 'विच', त्यातली माणसं डोळ्यांपुढे असतील तर 'हू'.

इथे आणखी एक घोटाळा होतो. 'हू' म्हणजे 'कोण' असं पाठ केलेलं असतं, म्हणून 'द मॅन हू केम' वाचताना मुलं प्रश्नचिन्ह शोधतात. मराठीने प्रश्नाला 'क' दिला आणि संबंधाला 'ज': कोण-जो, कुठे-जिथे, केव्हा-जेव्हा. इंग्रजी दोन्हीकडे एकच शब्द वापरते. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'हू' आणि 'विच' यांचे पूर्वज संबंधी सर्वनामाचं काम करत नव्हते. ते काम 'दॅट'च्या घराण्यातले शब्द आणि एक न बदलणारा छोटा शब्द करत असे. प्रश्नाचे शब्द या कामाला नंतर लागले.

उच्चाराकडेही लक्ष द्या. 'ते' या अर्थाचा 'दॅट' ठासून म्हणतात. संबंधी 'दॅट' मात्र घाईत 'दट' असा निसटतो. इंग्रजी बातम्या ऐकताना तो कानावरून निघून जातो, त्याचं कारण हेच.

४. 'द बुक आय बॉट' असंही ऐकलंय. मग हू-विच-दॅट कधी गाळता येतं?

रिकामी जागा कर्माची असेल तर गाळा, कर्त्याची असेल तर गाळू नका.

'द बुक आय बॉट': 'बॉट'चा कर्ता 'आय' हजर आहे, जागा कर्माची रिकामी आहे. चालेल. 'द मॅन केम येस्टरडे इज माय अंकल': इथे 'केम'चा कर्ताच गायब झाला. ऐकणारा 'द मॅन केम येस्टरडे' हे पूर्ण वाक्य समजून थांबतो आणि पुढच्या 'इज'ला अडखळतो. म्हणून 'हू' हवाच.

कानाची खूण सांगते. नामाच्या लगेच मागे दुसरा कर्ता आला, म्हणजे आय, यू, शी, माय फादर असं काही, तर सर्वनाम गाळून चालतं. लगेच क्रियापद आलं तर नाही. कॉमावाल्या क्लॉजमध्ये (प्रश्न ६) कधीच गाळता येत नाही.

५. मराठीत मी सरळ 'काल आलेला माणूस' म्हणते, जो-तो वापरतच नाही. हे इंग्रजीत कसं न्यायचं?

चांगला प्रश्न आहे. बोलण्यात आपण जो-तो पेक्षा '-लेला' आणि '-णारा' यांनीच जास्त काम भागवतो. आलेला माणूस, मी वाचलेलं पुस्तक, मुंबईला जाणारी गाडी. मराठीत हे सगळं नामाच्या आधी येतं. इंग्रजीत ते नामाच्या मागे न्यावं लागतं: 'द मॅन हू केम', 'द बुक आय रेड', 'द ट्रेन दॅट गोज टू मुंबई'.

थोडक्यात म्हणायचे दोन मार्ग आहेत. क्रिया चालू असेल तर आयएनजी रूप: 'द ट्रेन गोइंग टू मुंबई', 'द गर्ल सिटिंग बाय द विंडो'. इथे मराठी फसवते. 'खिडकीपाशी बसलेली मुलगी' यातलं 'बसलेली' भूतकाळी दिसतं, पण इंग्रजीत 'सिटिंग'. आणि कोणी तरी केलेली क्रिया असेल तर तिसरं रूप: 'अ लेटर रिटन इन मराठी', म्हणजे मराठीत लिहिलेलं पत्र.

'आलेला माणूस'चं 'द केम मॅन' कधीच होत नाही. येणं-जाणं, हसणं, झोपणं अशा क्रियापदांना कर्म नसतं आणि त्यांचं तिसरं रूप सहसा असं नामाला लागत नाही. थोडे अपवाद आहेत: 'अ फॉलन ट्री' म्हणजे पडलेलं झाड, 'अ रिटायर्ड टीचर' म्हणजे निवृत्त शिक्षक. शंका आली तर 'हू' लावून मोकळे व्हा.

६. कॉमा कधी द्यायचा आणि कधी नाही? कॉमाने खरंच अर्थ बदलतो का?

बदलतो, आणि पैशांत बदलतो.

मी नोकरीला नवी होते तेव्हाची गोष्ट. ऑफिसात चाळीस पंप आले होते. त्यातले सहा खराब निघाले, ते परत पाठवले. पुरवठादाराला पत्र मी टाइप केलं: 'द पंप्स, विच वर डिफेक्टिव्ह, हॅव बीन रिटर्न्ड.' दोन कॉमा, कारण मला ते व्यवस्थित वाटले. पंधरा दिवसांनी उत्तर आलं की चाळीसच्या चाळीस खराब असतील तर सगळे पोचल्याशिवाय पुढची कारवाई होणार नाही, आमच्याकडे सहाच आलेत. पत्र लिहिणाऱ्याने वाक्य अगदी बरोबर वाचलं होतं. चूक माझी होती.

कॉमा नसेल तर क्लॉज निवड करतो. 'द पंप्स विच वर डिफेक्टिव्ह' म्हणजे जे खराब होते तेवढेच. कॉमा असतील तर क्लॉज निवड करत नाही, जाता जाता जादा माहिती देतो: 'ते पंप, आणि ते सगळेच खराब होते'. पहिल्याला डिफायनिंग म्हणतात, दुसऱ्याला नॉन-डिफायनिंग.

घरातलं उदाहरण. 'माय ब्रदर हू लिव्ह्ज इन नाशिक इज अ डॉक्टर.' कॉमा नाहीत, म्हणजे भाऊ एकापेक्षा जास्त, त्यांतला नाशिकचा. 'माय ब्रदर, हू लिव्ह्ज इन नाशिक, इज अ डॉक्टर.' म्हणजे एकच भाऊ, आणि तो नाशिकला असतो. व्हिसाच्या अर्जात किंवा वारसाच्या कागदावर नवरा-बायको, आई-वडील यांच्याबद्दल लिहिताना म्हणूनच कॉमा विसरू नका. 'माय वाइफ हू लिव्ह्ज इन पुणे' याचा काटेकोर वाचलेला अर्थ दुसरीही बायको आहे असा होतो.

विशेषनाम असेल तर निवडण्यासारखं काही नसतं, म्हणून कॉमा ठरलेलाच: 'नाशिक, विच स्टँड्स ऑन द गोदावरी, इज फेमस फॉर ग्रेप्स.'

मोठ्याने म्हणा. कॉमावालं वाक्य म्हणताना आवाज थोडा खाली जातो, दोन्ही बाजूंना श्वासाएवढी जागा राहते. तिथे कॉमा. आणि सुरुवातीला एक दिलात तर शेवटी दुसरा द्याच. क्लॉज वाक्याच्या शेवटीच असेल तर तिथे पूर्णविराम आहेच.

७. पण मराठीत 'जो माणूस आला' यानंतर स्वल्पविराम देतो. तसाच इंग्रजीत क्लॉज संपल्यावर एकच द्यायचा ना?

नाही. 'द मॅन हू केम येस्टरडे, इज माय अंकल' हे चूक आहे. मराठीतला स्वल्पविराम 'जो'चा भाग आणि 'तो'चा भाग वेगळे करतो. इंग्रजीत 'द मॅन हू केम येस्टरडे' हा सगळा मिळून एक कर्ता आहे, आणि कर्ता व क्रियापद यांच्यामध्ये एकटा कॉमा येत नाही. क्लॉज लांबलचक असला, म्हणताना दम लागला, तरी नाही.

८. 'विच' की 'दॅट'? कम्प्युटर 'विच'खाली रेघ मारतो, पण पाठ्यपुस्तकात 'विच'च आहे.

दोन्ही बरोबर आहेत. कॉमावाल्या क्लॉजमध्ये 'दॅट' चालत नाही, हा नियम सगळीकडे एकच आहे. 'नाशिक, दॅट स्टँड्स ऑन द गोदावरी' असं कोणीच लिहीत नाही. वाद आहे तो बिनकॉमाच्या क्लॉजचा. 'द बुक विच आय बॉट' आणि 'द बुक दॅट आय बॉट' दोन्ही ब्रिटिश इंग्रजीत सर्रास लिहितात.

हेन्री फाउलर या इंग्रज कोशकाराने १९२६ साली सुचवलं की निवड करणाऱ्या क्लॉजला 'दॅट' आणि जादा माहितीच्या क्लॉजला 'विच' अशी वाटणी झाली तर बरं होईल. बहुतेक चांगले लेखक ती पाळत नाहीत हेही त्यानेच मान्य केलं होतं. अमेरिकी संपादकांनी मात्र ही सूचना नियमासारखी उचलली, आणि कम्प्युटरची रेघ तिकडून येते. आपली पाठ्यपुस्तकं ब्रिटिश वळणाची आहेत. तुम्ही अमेरिकी कंपनीला लिहीत असाल तर 'दॅट' ठेवा, बाकी ठिकाणी रेघेला घाबरू नका.

काही शब्दांनंतर 'दॅट'च कानाला बरा लागतो: ऑल, एव्हरीथिंग, नथिंग, एनीथिंग, द ओन्ली, द फर्स्ट आणि द बेस्टसारखी रूपं. 'एव्हरीथिंग दॅट ही सेड', 'द बेस्ट मँगो दॅट आय हॅव एव्हर ईटन'. चकाकतं ते सगळं सोनं नसतं, ही म्हणही इंग्रजीत 'ऑल दॅट ग्लिटर्स'नेच सुरू होते. माणसाबद्दल बोलत असाल तर इथेही 'हू' चालतो: 'द फर्स्ट गर्ल हू स्पोक'.

९. 'हू' आणि 'हूम' यांतला फरक सोप्या शब्दांत सांगाल का?

'जो' आणि 'ज्याला'. रिकाम्या जागी 'ही' किंवा 'दे' बसत असेल तर 'हू', 'हिम' किंवा 'देम' बसत असेल तर 'हूम'. 'द डॉक्टर हू ट्रीटेड मी': 'ही ट्रीटेड मी'. 'द डॉक्टर हूम आय कन्सल्टेड': 'आय कन्सल्टेड हिम'.

बोलण्यात 'हूम' जवळजवळ गेला आहे. लोक 'द डॉक्टर हू आय कन्सल्टेड' म्हणतात किंवा काहीच न लावता 'द डॉक्टर आय कन्सल्टेड'. परीक्षेत आणि अर्जात 'हूम' ठेवा. प्रिपोझिशनच्या लगेच मागे तर तो हवाच: 'टू हूम', 'विथ हूम'. याची खरी अवघड जागा प्रश्न १७ मध्ये आहे.

१०. 'द हॉटेल विच वी स्टेड' का चूक? आणि वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन चालतं का?

चूक आहे, कारण 'इन' हरवला. 'वी स्टेड द हॉटेल' असं आपण म्हणत नाही, 'वी स्टेड इन द हॉटेल' म्हणतो. हॉटेल पुढे गेलं तरी 'इन' कुठे तरी उरला पाहिजे.

तो हरवतो कसा, ते मराठीत दिसतं. 'ज्या हॉटेलात आम्ही राहिलो' म्हणताना '-त' दिसतो. पण बोलताना आपण 'आम्ही राहिलेलं हॉटेल' म्हणतो आणि '-त' गळून पडतो. 'मी लिहिलेलं पेन', 'आम्ही बसलेली गाडी', सगळीकडे प्रत्यय गेला तरी मराठीचं काही अडत नाही. इंग्रजीत अडतं. म्हणून आधी मनात 'ज्या'ने वाक्य करून बघा: ज्या पेनाने, ज्या गाडीत, ज्यांच्याशी. जो प्रत्यय दिसेल त्याचं प्रिपोझिशन इंग्रजीत घाला.

कुठे घालायचं, त्याच्या दोन जागा. 'द हॉटेल इन विच वी स्टेड' हे औपचारिक, 'द हॉटेल वी स्टेड इन' हे रोजचं. शेवटी प्रिपोझिशन नको ही तक्रार कवी जॉन ड्रायडनने १६७२ साली बेन जॉन्सनच्या एका वाक्यावर केली, आणि पुढे ती शाळांमधून फिरत राहिली. इंग्रजी बोलणाऱ्यांनी ती कधीच मनावर घेतली नाही. तुम्हीही घेऊ नका.

एवढं मात्र पाळा: प्रिपोझिशनच्या मागे 'दॅट' येत नाही. 'द हॉटेल इन दॅट वी स्टेड' नाही. 'दॅट' हवा असेल तर 'इन' शेवटी न्या: 'द हॉटेल दॅट वी स्टेड इन'.

११. 'हूज' फक्त माणसांसाठी ना? 'ज्याचं छप्पर गळतं ते घर' कसं म्हणू?

'अ हाउस हूज रूफ लीक्स.' निर्जीवालाही 'हूज' बिनधास्त लावा. 'द रूफ ऑफ विच' हा पर्याय आहे, पण जड जातो. स्पेलिंग तेवढं सांभाळा. 'ज्याचं' या अर्थाच्या 'हूज'मध्ये डब्ल्यू-एच-ओ नंतर एस-ई येतं. अपॉस्ट्रॉफीवाला 'हूज' म्हणजे 'हू इज'. उच्चार अगदी एकच, म्हणून कान इथे मदत करत नाही.

१२. जागेसाठी 'व्हेअर' शिकलो. मग 'द व्हिलेज व्हेअर आय व्हिजिटेड' का चुकलं?

जागेचं नाव आहे म्हणून 'व्हेअर' येत नाही. रिकामी जागा 'तिथे'ची असेल तर येतो. 'आय वॉज बॉर्न देअर', म्हणून 'द व्हिलेज व्हेअर आय वॉज बॉर्न'. पण 'व्हिजिट'ला थेट कर्म लागतं: 'आय व्हिजिटेड इट'. म्हणून 'द व्हिलेज विच आय व्हिजिटेड'. जे गाव की जिथे, हे मराठीत विचारलंत तरी उत्तर मिळतं.

'द डे व्हेन' आणि 'द रीझन व्हाय' यांचंही असंच, आणि दोन्हींत तो शब्द गाळला तरी चालतो: 'द डे आय जॉइन्ड', 'द रीझन आय केम लेट'. 'ज्या पद्धतीने'साठी मात्र 'द वे हाऊ' कधीच नाही. 'द वे शी स्पीक्स' एवढंच म्हणा.

१३. 'तो जे बोलला ते सगळं खरं आहे' याचं 'ऑल व्हॉट ही सेड इज ट्रू' बरोबर आहे का?

नाही. 'व्हॉट' या एका शब्दात 'जे' आणि 'ते' दोन्ही आधीच आहेत: 'व्हॉट ही सेड इज ट्रू', जे तो बोलला ते खरं आहे. त्याच्या आधी 'ऑल', 'एव्हरीथिंग' किंवा दुसरं कुठलं नाम आलं की 'ते' दोनदा होतं. म्हणून 'ऑल दॅट ही सेड', नाही तर नुसतं 'व्हॉट ही सेड'. 'द बुक व्हॉट आय बॉट' हेही याच कारणाने चूक.

१४. 'ही हॅज टू सन्स, बोथ ऑफ देम आर डॉक्टर्स' यात काय चुकलं?

दोन पूर्ण वाक्यं नुसत्या कॉमाने जोडली. एक तर 'अँड' घाला, नाही तर 'देम'चं 'हूम' करा: 'टू सन्स, बोथ ऑफ हूम आर डॉक्टर्स'. वस्तू असतील तर 'ऑफ विच': 'फॉर्टी पंप्स, सिक्स ऑफ विच वर डिफेक्टिव्ह'. त्या पत्रात मी हेच लिहायला हवं होतं.

१५. क्लॉजमधलं क्रियापद एकवचनी की अनेकवचनी?

'हू' ज्या नामाकडे बोट दाखवतो, त्याप्रमाणे. 'शी इज वन ऑफ द नर्सेस हू वर्क ॲट नाइट.' रात्री काम करणाऱ्या नर्सेस अनेक, त्यांतली ही एक. म्हणून 'वर्क'. 'शी इज द ओन्ली वन हू वर्क्स ॲट नाइट.' इथे एकटीच, म्हणून 'वर्क्स'. पहिल्या वाक्यात बोलताना 'वर्क्स' म्हणणारे पुष्कळ आहेत, पण परीक्षेत अनेकवचनच लिहा.

'आय'नंतर 'हू' आला तर क्रियापद 'आय'चं: 'इट इज आय हू ॲम रिस्पॉन्सिबल.' मराठीतही आपण 'जबाबदार आहे तो मीच' असं म्हणतो, त्यामुळे 'हू इज' लिहायचा मोह होतो. बोलताना लोक 'इट्स मी हू इज रिस्पॉन्सिबल' म्हणतात. ते बोलण्यापुरतं.

१६. 'तो वेळेवर आला, याचं सगळ्यांना नवल वाटलं.' या 'याचं'साठी काय?

कॉमा आणि 'विच': 'ही केम ऑन टाइम, विच सरप्राइज्ड अस ऑल.' हा 'विच' एका नामाबद्दल नसून अख्ख्या वाक्याबद्दल आहे. इथे 'व्हॉट' नाही आणि 'दॅट'ही नाही. मात्र 'विच'च्या आधी एखादी वस्तू आली असेल तर वाचणारा चुकू शकतो. 'शी सेंट मी द बुक, विच प्लीज्ड मी': पुस्तकाने आनंद झाला की तिने पाठवलं त्याने? फरक पडत असेल तर वाक्य बदला.

१७. 'द बॉय हूम आय थिंक इज द विनर' हे पेपरात चूक दिलं. 'आय थिंक'चं कर्म म्हणून 'हूम' नको का?

नको. 'आय थिंक' बोटाने झाका. उरतं 'द बॉय … इज द विनर'. रिकामी जागा 'इज'च्या कर्त्याची आहे, 'ही इज द विनर', म्हणून 'हू'. 'आय थिंक', 'ही सेड', 'दे बिलीव्ह' असं काही मध्ये आलं की आधी ते झाका आणि मग प्रश्न ९ ची कसोटी लावा. भलेभले लिहिणारेही इथे 'हूम' लिहून जातात.

याचा धाकटा भाऊ: 'गिव्ह इट टू हूएव्हर कम्स फर्स्ट.' 'टू' आहे म्हणून 'हूमएव्हर' नाही. 'कम्स'ला कर्ता हवा आहे.

१८. प्रत्येक 'दॅट' रिलेटिव्हच असतो का? 'द न्यूज दॅट शी गॉट अ जॉब' यात रिकामी जागा सापडत नाही.

सापडणार नाही, कारण ती नाहीच. तुम्ही बरोबर ओळखलंत. 'द न्यूज दॅट शी ब्रॉट' यात 'ब्रॉट'चं कर्म रिकामं आहे: तिने आणलेली बातमी. 'द न्यूज दॅट शी गॉट अ जॉब' यात 'दॅट'नंतरचं वाक्य पूर्ण आहे: तिला नोकरी लागल्याची बातमी. तो 'दॅट' म्हणजे आपला 'की'.

मराठीने हा फरक किती स्पष्ट दाखवला आहे पाहा. पहिल्याला '-लेली', दुसऱ्याला '-ल्याची'. इंग्रजीत दोन्हीकडे 'दॅट'. मराठीत '-लेली' येत असेल तर 'दॅट'च्या जागी 'विच' चालेल, '-ल्याची' येत असेल तर नाही. हीच जोडी फॅक्ट, आयडिया, होप, रूमर अशा शब्दांपाशी पुन्हा भेटते.

१९. क्लॉज नामापासून लांब गेला तर चालतं का?

गोंधळ होत नसेल तर चालतं: 'अ मॅन केम हू न्यू माय फादर.' पण 'आय गेव्ह अ टॉफी टू द बॉय दॅट वॉज मेल्टिंग' म्हटलंत तर मुलगाच वितळायला लागतो. टॉफी क्लॉजच्या शेजारी आणा: 'आय गेव्ह द बॉय अ टॉफी दॅट वॉज मेल्टिंग.'

२०. जुन्या व्याकरणाच्या पुस्तकात 'बट' आणि 'ॲज' हेही रिलेटिव्ह प्रोनाउन दिलेत. खरंच?

'ॲज' अजून वापरात आहे, 'सच' आणि 'द सेम' यांच्या जोडीने: 'सच पीपल ॲज नो हिम', 'द सेम साडी ॲज शी वोअर'. इंग्रजीत उरलेली ही जो-तो सारखी जोडी. 'बट' आता फक्त परीक्षेपुरता: 'देअर इज नो मदर बट लव्ह्ज हर चाइल्ड', आपल्या बाळावर माया नाही अशी आई नाही. यात 'बट'च्या पोटात 'नॉट' आहे, म्हणून वर वेगळा 'नॉट' घालू नका.

जुन्या मजकुरात माणसांना 'विच' लावलेलाही दिसेल. १६११ सालच्या इंग्रजी बायबलमधली प्रभूची प्रार्थना 'अवर फादर विच आर्ट इन हेवन' अशी सुरू होते. तेव्हा ते शुद्ध होतं. आज तुम्ही लिहू नका.

२१. सराव कशावर करू? पुस्तकातली 'जोडा' आणि 'गाळलेल्या जागा भरा' संपली.

आपल्या म्हणी घ्या. जो-तो त्यांच्यात ठासून भरला आहे. शब्दाला शब्द नेऊ नका. आधी नाम ठरवा, क्लॉज त्याच्या मागे लावा, रिकामी जागा तपासा.

'ज्याचं जळतं, त्याला कळतं.' नाम मराठीत दिसतच नाही, ते आणावं लागतं: 'ओन्ली द वन हूज हाउस इज बर्निंग नोज द पेन.' 'ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी.' इथे पोळी 'ज्याची', म्हणून पुन्हा 'हूज': 'प्रेज द मॅन हूज ब्रेड यू ईट.' 'ब्रेड'नंतर 'यू ईट', आणि पुढे काही नाही. तिथे 'इट' लिहावंसं वाटलं तर प्रश्न २ परत वाचा. 'जे न देखे रवी, ते देखे कवी' ही तुमच्यासाठी ठेवते. एकदा 'व्हॉट'ने करा, एकदा 'दॅट'ने, आणि दोन्ही मोठ्याने म्हणून बघा.